कांडी गल्लीचा पत्ता

म्हेत्र्यांच्या घरात सगळ्यांत कमी जेवतं कोण, असं कोणी विचारलं तर घरातले सगळे एकच नाव घेत: कोमल. आणि घरात सगळ्यांत जाड कोण, हे विचारायची गरजच नव्हती. नाव कोमल आणि दारात उभी राहिली की घरात उजेड यायचा बंद, असा विनोद ती स्वतःच करायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला करायला जागा उरत नसे. सासूबाई वैजयंताबाईंनी तर केव्हाच निकाल देऊन टाकला होता, "हिला हवा लागती अंगाला. पाणी पिलं तरी चढतंय."

इचलकरंजीतला मागांचा खडखडाट थांबूनही आता बरीच वर्षं झाली होती. नवे माग आपापले चालायचे, आपापले थांबायचे. कोमलचे सासरे होते तेव्हा दिवसभर आपल्या मागांमधून येरझाऱ्या घालायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे कोमलचा नवरा स्वप्नील, आता त्याच जागी खुर्चीत बसून, एका पडद्यावर अख्ख्या शेडचे माग बघायचा, बारा-बारा तास. कोमल उजेडाच्या टेबलावरून सरकणाऱ्या कापडातले दोष टिपायची, तीही बसूनच. कांडी गल्लीत ज्याला त्याला बसूनच काम होतं. माणसं रुंद झाली आणि गल्ली होती तेवढीच राहिली.

या गल्लीत एकच माणूस पळायचा. म्हेत्र्यांची आरोही, कोमलची मुलगी. आठवीतली पोर, काडीसारखी, पण आठशे मीटरला उभी राहिली की जिल्ह्यातल्या पोरी मागच्या मागे राहत. गल्लीत मैदान नाही म्हणून ती बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कुंपणाभोवती पळायची. तिची निवड निवासी क्रीडाशाळेसाठी झाली तेव्हा वैजयंताबाईंनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले, आणि पेढे वाटून झाल्यावर कळलं की निवड पक्की नाही.

अडलं होतं ते भूकपट्टीमुळं.

भूकपट्टी म्हणजे दंडाला चिकटवायची बोटभर पट्टी. तिला केसाहून बारीक सुया असतात, टोचलेल्या कळतही नाहीत. पोट रिकामं झालं की जठर रक्तातून मेंदूला निरोप धाडतं, त्या निरोप्याचं नाव घ्रेलिन. आणि खाल्लेलं रक्तात उतरलं की इन्सुलिन कामाला लागतं. पट्टी या दोघांवर नजर ठेवते. घ्रेलिन चढलं आणि मग इन्सुलिन आलं, तर माणूस भूक लागली म्हणून जेवला. घ्रेलिन गप्पच आहे आणि इन्सुलिनची मात्र पळापळ चाललीय, याचा अर्थ भूक नसताना कोणीतरी काहीतरी तोंडात टाकलं. अशा वेळी पट्टी हळूच थरथरते. गल्लीत तिला "दंडावर बसलेली सासू" म्हणत, आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळत असूनही कोणी घेत नसे. शिव्या खायला रांग कशाला लावायची?

लाखो लोकांच्या पट्ट्यांची माहिती जिथं जमा व्हायची, ते यंत्र त्यातून एक गोष्ट शिकलं होतं. आज सडपातळ असलेलं पोर आणखी दहा-पंधरा वर्षांनी कसं असेल, याचा अंदाज ते बांधायचं. खाण तशी माती, हे आपण म्हणतो. यंत्र तेच आलेख काढून म्हणायचं. क्रीडाशाळेत जागा थोड्या, म्हणून ज्यांचा अंदाज हिरवा त्यांनाच प्रवेश. आरोहीचा अंदाज पिवळा आला होता. तीन महिने घरातल्या सगळ्यांनी पट्टी लावायची, तेवढ्यात आलेखातली रेघ खाली आली तर ठीक, नाही तर जागा दुसऱ्या मुलीला.

"म्हणजे मी पळायचं, आणि नापास तुम्ही व्हायचं?" आरोही म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण कोमलच्या काळजाला ते लागलं. पोरीच्या वाटेत आपणच आडव्या पडलोय, एवढाच त्याचा अर्थ तिला कळला.

आहार-सल्लागार म्हणून तन्वी नावाची तरुण मुलगी घरी आली. तिनं तक्ता वाचून दाखवला: सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, मधल्या वेळी बदाम, ऑलिव्हचं तेल.

"हे माणसांचं हाय का गुरांचं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"आजी, हा वरून आलेला आहे, वाचून दाखवावाच लागतो," तन्वी म्हणाली आणि तक्ता पिशवीत टाकून चहाला हो म्हणाली. त्यामुळं ती घरात सगळ्यांना आवडली.

पट्ट्या लागल्या. पहिला दणका वैजयंताबाईंना बसला. एकादशीच्या दिवशी त्यांची पट्टी सकाळपासून थरथरत होती. साबुदाण्याची खिचडी, मग रताळ्याचा कीस, मग शेंगदाण्याचे लाडू.

"एकादशी अन् दुप्पट खाशी, आजी!" आरोही म्हणाली.

"देवानं कधी हटकलं न्हाई, आन् ही चिंधी हटकती व्हय मला!" म्हणत म्हातारीनं लाडवाचा डबा फळीवर ठेवला. पण ठेवला.

कोमलचं कोडं मात्र सुटेना. तिची पट्टी दिवसातून कितीदा तरी थरथरायची, आणि ती शपथेवर सांगायची की तिनं काही खाल्लं नाही. ती खोटं बोलत नव्हती. एकदा आरोहीनंच तिला धरलं. स्वप्नील रातपाळीहून येऊन जेवला होता, ताटात चार घास भात उरला होता. कोमल ओट्याशी उभी राहून ताटं गोळा करत होती. भाताचे घास तिनं तोंडात टाकले. आरोहीची अर्धी चपाती पडली होती, ती सासूच्या वाटीतल्या आमटीत बुडवून संपवली. पट्टी थरथरली.

"आई, काय खायलीयस?"

"कुठं काय? ताटं आवरायलेय."

"आवरायलीयस का खायलीयस?"

कोमलनं हातातल्या घासाकडं पाहिलं. खरंच की. याला ती खाणं मानतच नव्हती. खाणं म्हणजे पाट मांडून, वाढून घेऊन, बसून. ते तर ती सगळ्यांच्या शेवटी करायची, तेही थोडंसं, कारण भूक कधी नसायचीच. चौघांच्या चार वेळा, कोणाची सकाळची शिफ्ट, कोणाची रातपाळी, कोणाची शाळा. दर जेवणाच्या शेवटी थोडं उरायचं. आणि अन्न टाकायचं नाही, हे तिच्या आईनं, आईच्या आईनं, आणि या घरात वैजयंताबाईंनी तिच्या अंगात भिनवलेलं. टाकण्याइतकं घरात कधी नव्हतंच. जिथं टाकवत नाही तिथं ते कुठंतरी जायला हवं, आणि इतकी वर्षं ते कोमलच्या पोटात जात होतं.

वैजयंताबाई सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मीबी असंच करायचे. माझ्या सासूनं शिकवलं. पण तवा मी दिसभर मागाला सुताच्या कांड्या भरायचे, पाण्याला नळावर जायचे. जिरायचं." आणि स्वप्नील उठला तसा त्यांनी त्याला सुनावलं, "उद्यापासनं लागंल तेवढंच वाढून घ्यायचं. माझ्या सुनंचं पोट म्हंजे काय खरकट्याची बादली न्हवं."

चोवीस वर्षांच्या संसारात सासूनं आपली बाजू घेतल्याचं कोमलला तरी आठवत नव्हतं. ती तोंड फिरवून ताटं घासत राहिली आणि डोळे पुसायला तिनं पदर नाही, कोपर वापरलं, हात साबणाचे होते म्हणून.

आता राहिलं चालणं. तन्वीनं रोज अर्धा तास सांगितलं होतं. पहिल्या दिवशी कोमल संध्याकाळी पायांत चपला घालून निघाली. पहिल्याच दारातून आवाज आला, "कुठं निघालीस गं?"

"चालायला."

"चालायला? कुठं?"

"कुठं नाही. नुसतंच."

नुसतंच चालणं कांडी गल्लीला ठाऊक नव्हतं. नुसता चालणारा पुरुष म्हणजे निवृत्त झालेला; नुसती चालणारी बाई म्हणजे घरात भांडण झालेलं. तिसऱ्या दारापर्यंत कोमल माहेरी निघाल्याची बातमी झाली होती. पाचव्या दारात सानिया मोमीननं, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, हात धरून तिला आत ओढलं, चहा दिला, चिवड्याची बशी दिली आणि स्वप्नीलला मनसोक्त नावं ठेवली. कोमलनं परोपरीनं सांगितलं की काही झालेलं नाही. सानियानं दुसरी बशी भरली. "लपवू नको गं, पोटात ठिवलं की माणूस झुरतंय." दंडावर पट्टी थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी घरातलं पीठ खरंच संपलं होतं. कोमल ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन निघाली आणि एकाही दारातून कोणी काही विचारलं नाही. दळणाला निघालेल्या बाईला काय विचारायचं? गिरणीत गर्दी होती. डबा ठेवून ती लांबचा वळसा घालून आली, तरी कोणाच्या भुवया उचलल्या नाहीत. परत येताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिसऱ्या दिवसापासून ती रिकामा डबा घेऊन निघू लागली.

आठवडाभरात सानियानं तिला अडवलं. "किती खाताय गं दळण? लगीन काढलंय का काय?" आणि डबा उचलून बघितला. तो असा हलका उचलला गेला की सानियाच मागं झोकांडली. कोमलनं खरं काय ते सांगितलं. सानिया हसून हसून उंबऱ्यावर बसली. पण दुसऱ्या दिवशी तीही आपला डबा घेऊन दारात तयार होती. तिच्या मागून तिची जाऊ, मग समोरच्या दोघी, मग आणखी. गिरणीवाला बिचारा दारात उभा राहून बघायचा: एवढे डबे रोज समोरून जातात आणि आपल्याकडं एकही वळत नाही!

बायका नदीकडच्या रस्त्यानं जायच्या. तिथं संध्याकाळी मळेवाले भाजी घेऊन बसत. कांडी गल्लीच्या दुकानात पाकिटांच्या माळा लोंबायच्या, भाजी आलीच तर दुपारी, मान टाकलेली. पोरं रडली की पाकीट फोडायचं, पाव्हणा आला की पाकीट फोडायचं, ते सोयीचं होतं आणि स्वस्तही. इथं मात्र मेथी ओली होती, वांग्यांचे देठ हिरवे होते आणि अंधार पडायच्या आत विकून मोकळं व्हायची मळेवाल्यांना घाई असायची. रिकामे गेलेले डबे भरून यायला लागले.

दोन महिने झाले. तन्वी आली, तिनं कोमलचा दंड तपासला, आलेख उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वहिनी, तुमची रेघ उतरलीय. घराची तर मस्तच उतरलीय, आजींचीसुद्धा. पण आरोहीचा अंदाज पिवळाच आहे."

"आता आणि काय करू? जेवण सोडू?"

"तुमचं काही नाही. तिसरी रेघ हलत नाही. पत्त्याची."

तन्वीनं समजावून सांगितलं. यंत्र तीन गोष्टी बघतं: मुलीचं शरीर, तिचं घर, आणि ती राहते तो पत्ता. आजूबाजूची माणसं जशी खातात, बसतात, चालतात, तशीच मुलं होतात, हे लाखो पट्ट्यांवरून सिद्ध झालेलं. त्यातही गल्ली आज कुठं आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेनं चाललीय, याला वजन जास्त. आणि कांडी गल्लीची दिशा म्हणजे सरळ वरती.

"पण आम्ही तर चालतोय!"

"यंत्राला कुठं माहीतंय? तुमच्या चौघांशिवाय गल्लीत कोणाकडं पट्टीच नाही. त्याच्याकडं फक्त दवाखान्यात गेलेल्यांची माहिती आहे. त्याला कांडी गल्ली म्हणजे साखर वाढलेली आणि गुडघे दुखणारी माणसं, एवढंच ठाऊक."

तन्वीनं आवाज उतरवला. "मी हे बोलायला नको. पण कोल्हापुरात तुमचे भाऊ आहेत ना? चांगल्या कॉलनीत? आरोहीचा पत्ता तिकडचा दाखवला तर आज संध्याकाळी हिरवा होईल."

भावाला फोन लावला तर तो आनंदानं तयार झाला. "अगं, माझीच भाची ती! मी आत्ता भरून देतो. तू फक्त हो म्हण." इतकं सोपं होतं. स्वप्नील म्हणाला, "म्हणून टाक." वैजयंताबाईंनी दिवेलागणीच्या आधीच देव्हाऱ्यासमोर दिवा लावला. कोमलच्या जिभेवर "हो" आलंही होतं, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "कोमल, येतीस न्हवं? अंधार पडंल!"

दारात सानिया होती. तिच्यामागं तिची नऊ वर्षांची पोर. सुट्टीत आरोहीच्या मागं मागं सूतगिरणीभोवती पळणारी.

कोमलला एकदम रडू आलं. आपली पोर या गल्लीतून अलगद उचलून दुसरीकडं ठेवायची, आणि ही जी सानियाची पोर उद्या पळेल तिच्या कपाळावर कांडी गल्लीचा शिक्का तसाच? हिला कुठला मामा? "दादा, थांब जरा," ती फोनवर म्हणाली. "एक महिना आहे अजून. नाही जमलं तर बघू."

"जागा गेली तर?"

"गेली तर मी पोरीचे पाय धरीन," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आरोही दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं आईच्या हातात डबा तेवढा दिला.

त्या संध्याकाळी चालता चालता कोमलनं सगळ्या बायकांना सांगितलं. भीक मागितल्यासारखं नाही, जसं होतं तसं सांगितलं.

"म्हंजे त्या मिशनीला वाटतंय आपण सगळ्या आजारीच हाय?" सानियाची जाऊ म्हणाली.

"वाटणारच की. आजारी पडल्याबिगर आपण तिकडं जातोय कवा?"

"मग लावू की पट्ट्या. सासू तर सासू. एका सासूसंगं नांदतोय, दुसरीसंगं नांदू."

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातली पट्ट्यांची खोकी दुपारपर्यंत रिकामी झाली. तिथली परिचारिका घाबरली, तिला वाटलं साथ आली. बायकांनी लावल्या, मग बायकांनी नवऱ्यांना लावल्या. शेडमधल्या पुरुषांनी आधी थट्टा केली, मग दर तासाला पडद्यासमोरून उठून सगळ्या मागांना एक फेरी घालायची पद्धत सुरू केली. माग बघायला कोणी लागत नव्हतं, पण मालकाला वाटलं माणसं कामसू झाली, तो खूश. ताटात उरलेल्याचा प्रश्न घराघरांत निघाला आणि घराघरांतल्या बायकांनी, आपणही आजवर बादलीच होतो, असं म्हणून कपाळाला हात लावला. कोणी चवळीची शेंग झालं नाही. कोणाचं किलोभर उतरलं, कोणाचं तेवढंही नाही. पण रेघ होती ती वर जायची थांबली, दोन दिवस अडखळली आणि खाली वाकली.

महिना संपला त्या दिवशी म्हेत्र्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. तन्वी मधोमध बसली होती. आलेख उघडायला नेमका वेळ लागत होता.

"पिवळा," कोणीतरी म्हणालं.

"थांबा हो, अजून आलेलं नाही."

मग पडदा हिरवा झाला. वैजयंताबाईंना हिरवा-पिवळा कळत नव्हता. त्यांनी सुनेचं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. आरोही मात्र कोणाला सापडेना. ती सानियाच्या पोरीला घेऊन सूतगिरणीभोवती पळायला गेली होती. कोमल तिला शोधत तिथवर गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, साडीच्या निऱ्या हातात धरून, पोरीच्या मागं अर्धी फेरी पळाली. मग धाप लागून कुंपणाला टेकली आणि हसत राहिली. तिला फार बरं वाटत होतं.

आरोही क्रीडाशाळेत गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एक गृहस्थ म्हेत्र्यांचं घर विचारत आले. झकपक कपडे, कोल्हापूरकडचे वाटत होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांची भली मोठी गाडी अडकून पडली होती आणि मागं टेम्पोवाले ओरडत होते.

"तुम्हीच कोमलताई ना? इथं एखादी खोली भाड्यानं मिळेल का?"

"कोणाला?"

"आमच्यासाठी. म्हणजे, राहायला नाही तसं." गृहस्थ घाम पुसू लागले. "आमचा मुलगा पोहतो. निवड झालीय. पण आमच्या कॉलनीची रेघ वर चाललीय म्हणतात. सगळे जिमला जातात हो, पण गाडीनं जातात, येताना खाऊन येतात. सगळ्या जिल्ह्यात तुमच्या गल्लीची रेघ सगळ्यांत झपाट्यानं उतरतेय म्हणे. तर नुसता पत्ता जरी मिळाला..."

कोमलला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. कांडी गल्लीचा पत्ता? आरोहीच्या शाळेत लिहून देताना ती लाजायची तो? लग्नात वऱ्हाडाला सांगताना जो तिच्या बापानं दोनदा फिरवून सांगितला होता, तो? तिला गंमत वाटली.

"नुसता पत्ता नाही मिळत," ती म्हणाली. "सानियाच्या माडीवर खोली आहे रिकामी. पण राहावं लागंल. सगळ्यांना."

"रोज?"

"रोज."

गृहस्थांनी गल्लीकडं एकवार नजर टाकली. उघडी गटारं, वाळत घातलेले कपडे, दारांत बसून मेथी निवडणाऱ्या बायका. ते खरंच विचार करत होते, हे कोमलला दिसलं, आणि तिला त्यांची दयाही आली. त्यांचंही पोरच होतं ना शेवटी.

"राहू हो," ते म्हणाले. "पण ताई, गाडी कुठं लावायची?"

आतून वैजयंताबाईंचा आवाज आला.

"गाडी ऱ्हाऊ द्या की तुमच्या घरी. चालत या."